सकाळची लेंडी

वानरांच्या पोटातले जिवाणू दिवसभर सारखे राहत नाहीत. सकाळी पाला खाल्ला की काही वाढतात, दुपारी झाडावर पेंगताना दुसरेच जोर धरतात. हे मला एका संशोधक बाईंनी शिकवलं. बोरी गावाजवळच्या आमच्या शिवारातल्या टोळीच्या सकाळ, दुपार, संध्याकाळच्या ताज्या लेंड्या नळ्यांत भरून ठेवायच्या, एवढंच माझं काम. गावाला चेष्टेला विषयच मिळाला. "बीएस्सी होऊन लेंड्या येचायलाय व्हय?" पारावरचा जो तो विचारायचा. राग लय यायचा, पण दुसरं काम कुठं होतं?

सकाळची लेंडी काही केल्या सापडेना. टोळी उजाडायच्या आत निघून जायची. बाईंनी एकच गोष्ट बजावली होती, खायला काही घालायचं नाही, पोटातलं सगळं वेळापत्रक बिघडतं. मी मान डोलावली आणि मारुतीच्या देवळामागं भिजवलेले हरभरे टाकायला लागलो. टोळी तिथंच थांबू लागली, नळ्या वेळेवर भरू लागल्या. गावानंही चेष्टा थांबवली. पोरगं मारुतीची सेवा करायलाय म्हणे. मी तसं समजू दिलं.

महिन्याभरात एक लेकुरवाळी वानरीण चिंचेखाली बसून राहिली. पोट टम्म फुगलेलं, पिल्लू छातीला धरलेलं. शेळ्या राखणारी माझी चुलती बघायला आली. तिनं लांबूनच ओळखलं.

"पाल्याच्या पोटाला हरभरा घातलास रे. शेळी बी मरती अशानं."

एवढंच बोलली, तेही फक्त मला ऐकू येईल असं. जनावरांचे डॉक्टर जिंतूरहून येईपर्यंत वानरीण गेली. पिल्लू सोडवताना इतकं ओरडलं की मला तिथं उभं राहवेना. दोन दिवसांनी तेही गेलं.

आमच्याकडं वानर मेलं की माणसासारखं सगळं करतात. तिरडी बांधली, भजनी मंडळ आलं, देवळामागंच माती दिली. दहाव्याला मुंडण कुणी करायचं यावर चर्चासुद्धा झाली नाही, सगळ्या गावाचं एकच म्हणणं.

"रोज ह्यानंच खाऊ घातलंय. लेकाचा मान ह्याचाच हाय."

चुलती गर्दीत उभी होती. तिच्याकडं बघायची माझी हिंमत झाली नाही. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी न्हाव्यापुढं मान खाली घातली. उठलो तेव्हा बायका रांगेनं माझ्या पाया पडायला लागल्या, आणि मी पडू दिलं.