अँसेल्मचे थेंब

अँसेल्म स्युरेटच्या घरात सव्वीस वर्षं पाणी ठिबकत होतं, आणि नळ एकही गळत नव्हता. बायको होती तोवर तिने दोनदा प्लंबर आणला. दुसऱ्या खेपेला तो म्हणाला, बाई, नळ धडधाकट आहेत, नवऱ्याचे कान दाखवा कुणाला तरी. गावाला हा विनोद वर्षभर पुरला. अँसेल्मही हसला. पण जेवताना त्याचा चमचा मध्येच हवेत थांबे. मिनिटाला आठ थेंब. आठाचे कधी सात झाले नाहीत की नऊ झाले नाहीत.

तसं पाहिलं तर थेंबांवरच त्याचं पोट होतं. नोव्हा स्कोशियाच्या त्या गावात शेवंड धरणाऱ्या चाळीसेक बोटी, आणि प्रत्येकीच्या तळात अँसेल्म दुरुस्तीला उतरलेला. बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा तळातून बाहेर समुद्रात जातो, तिथे चरबी चोळलेली दोरी गुंडाळून वरून मोठा नट आवळतात. नवशिक्याला वाटतं, थेंब पडतोय म्हणजे काम कच्चं. अहो, उलट आहे. दांडा फिरताना थोडं पाणी झिरपायलाच हवं, त्यानेच दोरी गार राहते. कोरडा नट म्हणजे तापलेला नट. दोरी जळते, आणि मग समुद्र विचारून आत येत नाही.

किती आवळायचं, याची तिथल्या जुन्या लोकांची एक रीत होती. इंजिन तासभर चालवायचं, मग उघडा तळहात नटावर टेकवायचा आणि मारियामातेची प्रार्थना म्हणायची. ‘आमेन’पर्यंत हात टिकला तर ठीक. आधीच उचलावा लागला तर नट सैल करायचा.

अँसेल्मचा थोरला भाऊ सिरिआक मात्र प्रार्थना करत नसे. त्याचं असं झालं, नवा पाद्री त्याच्या बोटीला आशीर्वाद द्यायला चढला आणि तिथेच उभा राहून आदल्या दिवशी खाल्लेल्या डुकराची तारीफ करू लागला. बोटीवर त्या जनावराचं नाव काढायचं नसतं, हे शहरातून आलेल्याला कोण सांगणार? सिरिआकने त्याला दंडाला धरून खाली उतरवलं, आणि स्वतः पुन्हा देवळाची पायरी चढला नाही. प्रार्थना सुटली तसा नटावर हात ठेवणंही सुटलं.

माणूस टापटिपीचा. तळात चमचाभर पाणी दिसलं की कपाळाला आठ्या. मोसमाचे पहिले शेवंडांचे पिंजरे टाकायच्या आदल्या दुपारी त्याने धाकट्याला चारचौघांत ऐकवलं, की तू गळती ठेवतोस आणि तिला कारागिरी म्हणतोस. अँसेल्मच्या डोक्यात तिडीक गेली. खाली उतरून त्याने नटाला अर्धा फेरा जास्त दिला. घे कोरडी. उद्या तापला की आपणच सैल करील आणि शहाणा होईल, असं मनात. पण जो हातच ठेवत नाही त्याला तापल्याचं कळणार कसं? हेही अँसेल्मला तेव्हा ठाऊक होतं.

पिंजऱ्यांनी लादलेली ती बोट गेली ती गेली. वायरलेसवर एकच निरोप आला, मागून पाणी येतंय. गाव म्हणालं, वारा वाईट होता. अँसेल्मने कुणाचं म्हणणं खोडलं नाही. रिकाम्या शवपेटीला माती देऊन तो घरी आला, आणि त्या दुपारी पहिला थेंब पडला.

सिरिआकची मुलगी झेली तेव्हा सहा वर्षांची. आता तिने कुणाची तरी जुनी बोट विकत घेतली होती. पिंजरे टाकायच्या आदल्या दिवशी ती काकाच्या दारात उभी, हातात किसलेल्या बटाट्यांच्या गरम राप्यूरची थाळी.

“काका, बोट गळतेय. कोरडी करून द्या.”

नाही म्हणायला तोंड नव्हतं. धक्क्याला बांधलेल्या बोटीत तो खाली उतरला, इंजिन तासभर चालू ठेवलं आणि थेंब मोजले. मिनिटाला आठ. पाना हातात, आणि पाठीमागे कुणीतरी उकिडवं बसलेलं. ओल्या लोकरीचा वास, सिरिआकच्या पाइपच्या तंबाखूचा वास. अँसेल्मने मागे पाहिलं नाही.

वरून झेली म्हणाली, “अजून ठिबकतंय की. द्या ना अर्धा फेरा.”

आवाज तिचा, पण हेल थेट बापाचा. अँसेल्मने पाना खाली ठेवला.

“असाच अर्धा फेरा मी तुझ्या बापाच्या बोटीला दिला होता, पोरी. रागानं. तो हात ठेवत नाही हे माहीत असून.”

ती खाली उतरली आणि त्याच्यासमोर बसली.

“आमच्या दारावरून जाताना तुम्ही मान खाली घालायचात. आई म्हणायची, बघ, किती दुःख आहे त्याला.” “सव्वीस वर्षं, काका.”

मग तिनेच नटाकडे बोट करून विचारलं, “हात कुठवर ठेवायचा?”

“आमेनपर्यंत.”

“मला प्रार्थना येत नाही. बाबांनी शिकू दिली नाही.”

त्याने एकेक ओळ सांगितली, तिने नटावर तळहात टेकवून मागून म्हटली. हात शेवटपर्यंत टिकला. मग तिने त्याचा पाना उचलून आपल्या पेटीत टाकला. “उतरा आता. बोट माझी आहे.”

पहाटे सगळ्या बोटी गेल्या. जाताना झेलीने धक्क्याकडे पाहिलं नाही. अँसेल्म घरी येऊन कॉफी घेऊन बसला. काहीतरी बिनसलं होतं, पण काय ते कळेना. कप निवून गेला तेव्हा लक्षात आलं. घर गप्प होतं. कुठे एक थेंब नाही. सव्वीस वर्षांत प्रथमच सगळं कोरडं.

कोरडा नट म्हणजे तापलेला नट. तो उठला, स्वयंपाकघरातला नळ जरासा सैल केला, बरोबर आठ थेंब पडेतो. मग त्या थंडगार नळावर तळहात टेकवून प्रार्थना सुरू केली. आमेन झालं की पुन्हा पहिल्यापासून.

दुपार कलल्यावर दार वाजलं. झेली होती, ओली, मिठाने पांढरी झालेली.

“गार होता,” ती म्हणाली. “तीनदा हात ठेवला.”

तिने ठिबकणाऱ्या नळाकडे पाहिलं, काकाच्या निळ्या पडलेल्या हाताकडे पाहिलं. नळ बंद न करता ती समोरच्या खुर्चीत बसली.