यमुनावहिनींचा ओटा

तार दादांची होती. मराठीत सांगायचं तर तीनच शब्द... यमुना गेली, निघ. कोर्टात तासन्‌तास बोलणाऱ्या माणसाला बायकोबद्दल एवढंच सुचलं, असं बडनेऱ्याच्या स्टेशनवर गाडीची वाट पाहताना माझ्या मनात आलं, आणि तेव्हा चढलेला राग आज पाच आठवडे झाले तरी उतरत नाही. गेलेल्या माणसावर रागाच्या भरात लिहू नये म्हणतात. मला आज दुसऱ्या तऱ्हेनं लिहिता येत नाही.

दादांनी अकोल्यात वकिलीचा जम बसल्यावर घर बांधलं. समोरचा लांबरुंद ओटा त्यांनी हट्टानं सिमेंट-काँक्रीटचा केला, गल्लीत पहिलाच. वडील फरशी घाला म्हणत होते, तर दादा त्यांच्याशी दोन महिने बोलले नाहीत. लोक ओटा पाहायला आले तेव्हा दादांनी सर्वांदेखत सांगितलं की आता शंभर वर्षं इकडे पाहायला नको. पण खाली आपल्या वऱ्हाडाची काळी माती. उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते, पावसात फुगते. तिला वकिलाचा शब्द काय कळणार? दुसऱ्याच वर्षी पायरीपासून तुळशीपर्यंत भेग गेली. दादांनी वहिनींना विचारलं, मुसळ कुठं आपटलंस, आणि चार दिवस अबोला धरला. त्यानंतरच्या बारा वर्षांत दादांना ओट्यावर भेग दिसली नाही. का दिसली नाही, ते मला माहीत आहे.

ओटा करणारे करीम मिस्त्री मागच्याच आळीत राहत. वहिनी त्यांच्या घरी शिवणाच्या निमित्तानं गेल्या आणि थापी धरायला शिकून आल्या. पाऊस सरून जमीन बसली की काम काढायचं, भर उन्हाळ्यात नाही. भेग नुसती वरून लिंपायची नाही. आधी छिन्नीनं उघडायची, आतली माती काढायची, ओली करायची, मग सिमेंट-वाळूचा माल दाबून भरायचा आणि सात दिवस पाणी मारायचं. पाणी मात्र गोडं हवं. आमच्या विहिरीचं खारं, त्यानं लोणा लागून पोपडे उडतात. गोडं पाणी गाडीवरून विकत यायचं, माणशी मोजून. वहिनी त्या सात दिवसांत आपल्या वाटचं पाणी ओट्याला घालत आणि स्वतः विहिरीचं पीत. मी अमरावतीहून सुट्टीत आलो असताना हे पाहिलं आणि वैतागून म्हटलं, वहिनी, हे काय चाललंय?

"त्याले तहान लागते भाऊजी," त्या म्हणाल्या. "मले काय, कोनतंबी चालते."

दादा हायकोर्टाच्या कामाला नागपूरला गेले की छिन्नी बाहेर निघायची. ते परत येईपर्यंत भरलेल्या भेगेवर पाझरणारा रांजण आणून ठेवलेला असे. मग खाली ओल का, हे कोण विचारणार? रांजण वाटेत ठेवते म्हणून दादा करवादत, त्या ऐकून घेत. लढाईत सिमेंट मिळेनासं झालं तेव्हा लोणच्याच्या बरणीत दडवलेलं त्यांनी चिमूटचिमूट पुरवलं. मी हे सारं जाणून होतो आणि हसण्यावारी नेत होतो. झाकली मूठ राहू द्या, असं त्याच म्हणत, आणि मलाही ते सोयीचं होतं.

यंदा दिवाळीत मी गेलो तेव्हा वहिनी तापानं अंथरुणावर होत्या. भेग उघडून झाली आणि त्याच दिवशी ताप भरला, भरायची राहून गेली. भेगेवर सतरंजी टाकलेली. दादा ओट्यावर गेल्याचं पाहून त्यांनी मला जवळ बोलावलं.

"बरनीत शिमिट हाये. तेवढी भेग भरून घेजा भाऊजी... उघडी नका ठेवू."

मी हो म्हटलं. पण दादा दिवसभर पक्षकारांना घेऊन ओट्यावर बसलेले, आणि हायस्कुलातला मास्तर, वकिलाचा भाऊ, थापी घेऊन उकिडवा बसलेला चारचौघांनी पाहायचा? लाज वाटली. आज करू, उद्या करू, करता करता सुट्टी संपली. दादांवर रागावण्याआधी स्वतःचेच कान उपटायला हवेत, हे मला कळतं. त्या विषमज्वरानं गेल्या, खाऱ्या पाण्यानं नाही, हेही कळतं. तरीही त्या बारा वर्षांच्या पाण्याचा विचार आला की हातातलं पाणी मी तसंच खाली ठेवतो.

तेराव्याला माणसं त्याच ओट्यावर बसली. वहिनी किती सोशिक, किती शांत, हे जो तो सांगत होता. दादा म्हणाले, तिले मी काही कमी पडू दिलं नाही, सारवणाची कटकटसुद्धा ठेवली नव्हती. तेवढ्यात करीम मिस्त्री आले. गर्दीमुळं सतरंजी सरकली होती. ते बसले नाहीत. वाकून भेगेच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं.

"वकीलसाब, बाईनं यंदाचं काम अर्ध्यातच सोडलं."

दादा म्हणाले, "कोनतं काम?"

मग मी थांबलो नाही. छिन्नी, बरणी, रांजण, नागपूरच्या खेपा, पाणी, सगळं त्या माणसांसमोर सांगितलं. कोणी मला अडवलं नाही. दादांनी एवढंच विचारलं, "मले कावून नाही सांगितलं तिनं?" मी म्हटलं, मुसळाचं तुम्ही विचारलंत ना, तेव्हाच वहिनींना उत्तर मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गाठायला निघालो. दादा ओट्यावर एकटेच बसले होते. गोड्या पाण्याच्या घागरीतला तांब्या त्यांच्या हातात होता आणि ते त्या उघड्या भेगेत पाणी ओतत होते... थोडं थोडं, फार जपून. आधी माल भरायचा असतो, मग पाणी. रिकाम्या भेगेत ओतलं की खालची माती फुगते आणि भेग वाढते. इतकी वर्षं त्या ओट्यावर बसलेल्या माणसाला एवढंही ठाऊक नव्हतं. मी पिशवी उचलली आणि त्यांच्या बाजूनं पायरी उतरलो. सांगितलं नाही.