पणतीच्या अंघोळीला गिझर मीच लावला

बायांनो, आज सकाळची गंमत ऐका. नात बाळंतपणाला आलीय, तिची लेक वीस दिवसांची. सून घोडेगावच्या बाजाराला गेल्ती आन न्हाऊ घालनारी बाई आलीच न्हाई.

नात म्हनली, "आज्जे, आई येऊ दे. तुला त्या गॅसच्या गिझरचं काय कळतंय?"

म्हनलं, "तुला न्हाऊ घातलं ते कुनी गं?"

पन मला सवय बंबाची. जाळाचं बटन फुल्ल केलं, म्हनलं वरनं गार पान्याचं विसण घालू. आकडे तेवढे वाचता येतात मला. गिझरवर आकडा आला अठ्ठावन्न! पानी लई कढत. म्हनून नळ बारीक केला, तर गिझर विझूनच गेला. नात हसाया लागली.

मंग नीट बघितलं. नळ मोठा सोडला, जाळ कमी केला, पान्याचं बटन वाढवलं. आकडा चाळीसवर थांबला. कोपर बुडवून बघितलं, विसण लागलंच न्हाई. पोरगी रडली सुदीक न्हाई, माझ्या पायावरच झोपली.

सुनंला सांगून टाकलं, उद्यापासनं अंघोळ माझ्याकडं.

तुमाला घरात कशाला हात लावू देत न्हाईत, बायांनो?