जपानीकाकूंचा विस्तव

जपानीकाकू कुणाच्याही घरी गेल्या की आधी भिंतीला तळहात लावायच्या. दारात आमचं "या, या" चाललेलं असायचं, बायको चहाचं विचारत असायची, आणि या मात्र डोळे अर्धवट मिटून पॅसेजच्या भिंतीशी उभ्या. मग निकाल यायचा, "मंदार, तुझ्या घराला सर्दी झालीये रे." हे मराठीत. आणि मराठी असं, की पुण्याहून आलेली माझी आई पहिल्या भेटीत त्यांच्याकडे नुसती बघतच राहिली होती.

काकू जपानमधल्या एका डोंगराळ खेड्यातल्या. काका वाईचे. इंजिनिअर म्हणून तिकडे नोकरीला गेले आणि लग्न करून परत आले. पुढे काकांच्या नोकरीने दोघांना आयर्लंडला आणेपर्यंत काकू वाईला सासूबाईंच्या हाताखाली होत्या. त्यामुळे त्यांचं मराठी म्हणजे सासूबाईंचं मराठी, बरणीत मुरलेलं. आम्ही इथल्या कासलबार गावातली मराठी मंडळी "वीकेंडला भेटायचं का" म्हणायचो, तर काकू "शनिवारी तिन्हीसांजेच्या आत या" असा निरोप धाडायच्या. आमची मुलं आम्हाला आयरिश वळणाच्या इंग्रजीत उत्तरं देतात. काकूंपुढे मात्र ती अडखळत का होईना मराठी बोलायची, कारण इंग्रजी ऐकलं की काकू "समजलं नाही, पुन्हा सांग" म्हणून तोंडाकडे बघत बसायच्या. इंग्रजी त्यांना उत्तम समजायचं.

काका निवृत्त झाले तेव्हा दोघांनी गावाबाहेर एक जुनं दगडी घर घेतलं. बुटकं, तीन खोल्यांचं, दीड हात जाड भिंतींचं. छप्पर नवं घालून झालं आणि काकांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, घर कोरडं आणि उबदार असेल तरच घरी पाठवू, नाहीतर नर्सिंग होम. हिवाळ्याच्या तोंडावर हॉस्पिटलची एक बाई घर पाहून काय ते ठरवणार होती.

सगळ्यांना वाटलं, काकू आता ते घर विकतील. मी तसं सुचवलंही. गावात छानसा फ्लॅट भाड्याने घ्या म्हटलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "घर त्यांनी निवडलंय. त्यांना म्हातारपण इथे काढायचंय. आता बोलता येत नाही म्हणून त्यांचं म्हणणं बदललं असं थोडंच आहे?"

घर ओलं होतं, कारण मधल्या कुणा मालकाने त्या दगडी भिंतींना आतून-बाहेरून सिमेंट फासून ओल आत कोंडली होती. "रेनकोट घालून झोपवलंय बिचाऱ्याला," काकू म्हणाल्या आणि छिन्नी-हातोडी घेऊन सिमेंट उतरवायला बसल्या. सत्तरीला टेकलेली, माझ्या खांद्यापर्यंतही न येणारी बाई. मी शनिवारी मदतीला जायचो आणि रविवारी अंगदुखीने झोपून राहायचो. काकू रोज सकाळी भिंत फोडायच्या आणि दुपारी केस विंचरून, चांगला स्वेटर घालून हॉस्पिटलात काकांशेजारी जाऊन बसायच्या. आज कुठला दगड मोकळा झाला ते त्यांना सांगायच्या. हे सगळा उन्हाळा चाललं. मला दम लागायचा तो कामाने कमी आणि त्यांच्याकडे बघून जास्त.

मग चुन्याचा गिलावा झाला. मी इंजिनिअर, मी लगेच मोठे हीटर आणायला निघालो. "भाजू नकोस रे भिंतीला," काकू म्हणाल्या, "वाळू दे." उष्णता द्यायची ती लाकडाचीच, मंद, स्वयंपाकघरातल्या जुन्या चुलाण्यात बसवलेल्या लोखंडी स्टोव्हची. शेजारच्या मायकेल नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याची ॲश नावाची इकडची झाडं रोगाने वाळली होती, तो ट्रॉली भरून ओंडके आणायचा. काकू दोन ढलप्या कानाशी नेऊन एकमेकींवर आपटायच्या. खणकन वाजली तर घरात, बद्द वाजली तर "ही अजून रडतेय" म्हणून परत शेडमध्ये. मायकेल आधी हसायचा. नंतर तोही ट्रॉलीपाशी उभा राहून ढलप्या आपटून बघायला लागला.

पण ऑक्टोबरात काकांसाठी ठेवलेल्या मागच्या खोलीत भिंतीवर काळी बुरशी उमटली. काकू तिच्यासमोर बराच वेळ उभ्या होत्या. त्यांच्या माहेरचं घर लाकडाचं, जमिनीतल्या अग्निकुंडाभोवती अख्खं घर गोळा व्हायचं. तिथे हिवाळ्यात कुणी खोली तापवत नाही. माणूस तापवतात, पायाशी निखारे, अंगावर दुलई, आणि बाकीचं घर गार. काकूंनी इथेही तेच केलं होतं. त्या असतील तेव्हाच स्टोव्ह पेटायचा, दारं बंद, आणि हॉस्पिटलात जाताना विझवलेला. "चूक माझी," त्या म्हणाल्या. "मी माणूस तापवत होते. इथे भिंत तापवायला हवी."

त्या दिवसापासून दारं उघडी राहिली आणि विस्तव विझला नाही. मायकेलने आणखी एक गोष्ट सांगितली. त्याच्या लहानपणी इकडच्या घरांत म्हाताऱ्यांचा पलंग चुलीलगतच्या कोनाड्यात असायचा. "त्या प्रेसच्या मागे बघ," तो म्हणाला. प्रेस म्हणजे इकडचं कपाट. आम्ही ते भिंतीतलं कपाट उचकटलं, तर मागे खरंच माणूस पाय पसरून झोपेल एवढा कोनाडा. काकू आत जाऊन बसल्या, तळहात टेकवला आणि पहिल्यांदा मी त्यांचे डोळे भरलेले पाहिले. चुलीमागची ती भिंत कोमट होती.

संध्याकाळी काकू निखारे एकत्र लोटायच्या, त्यांच्यावर राख पांघरायच्या आणि हलक्या आवाजात म्हणायच्या, "नीज आता. सकाळी काम आहे." वाईच्या सासूबाई चुलीला असंच म्हणायच्या म्हणे. मायकेलने हे पाहिलं तेव्हा त्याने डोक्यावरची टोपी काढली. त्याची आईही विस्तव असाच झाकायची, वर एक प्रार्थना म्हणायची. सकाळी राख सारली की खाली निखारे जिवंत. मी कारखान्यात दिवसभर तापमानाचे आकडे बघणारा माणूस, पण ते लाल डोळे उघडताना पाहिले की आकडे विसरून जायचो.

हॉस्पिटलची बाई आली त्या दिवशी बाहेर आडवा पाऊस होता. मी ओलावा मोजायचं यंत्र घेऊन तयारीत. काकूंनी ते माझ्याकडून काढून घेतलं. "पाहुण्याने न सांगता कोट काढला की घर झालं," एवढंच म्हणाल्या. बाई स्वयंपाकघरात आली, कोनाडा पाहिला, प्रश्न विचारत राहिली. मी तिच्या बटणांकडे बघतोय. बोलता बोलता तिने एक बटण काढलं, मग दुसरं, आणि कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला. "ग्रँड," ती म्हणाली, म्हणजे इकडचं "झकास". काकूंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

काका घरी आले. कोनाड्यात निजवल्यावर त्यांनी चालणारा डावा हात उचलला, भिंतीला लावला आणि तसाच ठेवला. "काय? सर्दी गेली ना?" काकूंनी विचारलं. काकांना बोलता येत नव्हतं, पण हसता येत होतं.

दोन हिवाळे ते त्या कोनाड्यात राहिले. दुसरा सरत असताना एका संध्याकाळी गेले. मी पोचलो तेव्हा काकू त्यांच्या उशाशी होत्या. पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून नीट केलं आणि म्हणाल्या, "नीज आता." मग म्हणाल्या, "सकाळी काम नाही."

त्या वर्षी काकू माहेरी परतल्या. आईवडील जाऊन घर कधीचं बंद पडलं होतं, छपरातून पाणी येत होतं. "त्यालाही सर्दी झाली असेल," म्हणाल्या. दगडी घर मायकेलच्या नातीने घेतलं, ती आठवड्याने राहायला येणार होती. तोवर विस्तव सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. निघायच्या दिवशी गाडी दारात उभी, काकूंनी निखारे लोटले, राख पांघरली. मी नेहमीच्या वाक्याची वाट बघत राहिलो. काकू उठल्या, हात झटकले आणि मला म्हणाल्या, "तू म्हण."

मी खाली वाकलो. "नीज आता," म्हटलं, "सकाळी काम आहे."

काकूंनी जाताना भिंतीला हात लावला आणि गाडीत जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी मी त्या घरी गेलो आणि राख बाजूला सारली. विस्तव जागा होता. मी वर एक ढलपी ठेवली, पण आधी कानाशी नेऊन वाजवून बघितली.