अर्धे सुकलेले बोंबील आणि तीन फोन

मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कहून उत्तनला जाण्याला प्रवास म्हणायचं का, असं आमच्या ह्यांनी हे लिहायला घेतलं तेव्हा विचारलं. एकाच महानगरपालिकेत राहतो आपण, म्हणे. म्हटलं, तुम्ही अकरा वर्षांत एकदा तरी गेलात का? मग गप्प बसा.

झालं असं, की नोव्हेंबरात माझी धाकटी नणंद वर्षा पुण्याहून चार दिवस राहायला आली. तिच्या सासरी कांदासुद्धा चतुर्थीला वर्ज्य, मासळीचं तर नावच नको. त्यामुळे माहेरी आली की ती पहिल्या दिवशी सुरमई, दुसऱ्या दिवशी कोलंबी आणि तिसऱ्या दिवशी "वहिनी, सुके बोंबील कुठे चांगले मिळतील?" असं करते. सुके बोंबील ती पापडाच्या डब्यात लपवून पुण्याला नेणार होती. ते कसं जमणार होतं ते तिचं तिला माहीत. मी एक रजा टाकली आणि बुधवारी सकाळी आम्ही निघालो.

निघताना हे म्हणाले, "समुद्रात काहीतरी वादळ आहे म्हणतायत." मी म्हटलं, आम्ही समुद्रात नाही, समुद्राजवळ चाललोय.

जाणाऱ्यांसाठी सांगते. भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेरून उत्तनची बस मिळते. रिक्षा करू नका, रिक्षावाले परतीचं भाडंही तुमच्याकडूनच घेतात. बसला तासभर धरा. मुर्धा, राई, मोर्वा अशी गावं लागतात, उजव्या-डाव्या हाताला मिठागरं दिसतात, आणि डोंगरीच्या पुढे रस्ता वळला की आपण अजून मुंबईजवळच आहोत हे विसरायला होतं. खिडकीची जागा मिळवा.

पण त्या दिवशी स्टेशनबाहेरच सगळा घोळ. सव्वीस जुलैच्या त्या पुरानंतर आमच्याकडे ढग दिसला तरी दूध आणि पाव संपतो. पाण्याची बाटली घ्यायला थांबलो तर दुकानदार काका मेणबत्त्यांचे पुडे मोजत होते. "बेन, आज मत जाओ उस तरफ. सुनामी आनेवाला है."

"काका, सुनामी नहीं, तूफान."

"अरे, जो भी है, पानी तो वही है ना!"

आता ह्यावर काय बोलणार! शेजारचा पेपरवाला म्हणाला, दुपारी दोनला येणार. रिक्षावाला म्हणाला, रात को. शाळेतून अर्ध्यावर सोडलेली पोरं दप्तरं फिरवत चालली होती आणि त्यांच्या आया म्हणत होत्या, काय बाई, ऊन पडलंय आणि शाळा सोडतात. खरंच ऊन होतं. वरती ढगांचे पुंजके होते, पण मध्येच लख्ख ऊन, मध्येच घामाच्या धारा. बसच्या कंडक्टरला मी सरळ विचारलं, "जाऊ की नको?" तो म्हणाला, "मॅडम, गाडी जातेय. चारनंतर परत येईल की नाही, ते मला पण माहीत नाही." वर्षा म्हणाली, वहिनी, एवढं आलोय तर जाऊ या. गेलो.

उत्तनला उतरलं की आधी वास येतो. नाक मुरडू नका, दहा मिनिटांत सवय होते. किनाऱ्याकडे चालत गेलो तर गावभर नुसती धावपळ. बोटी आदल्या दिवशीच परत बोलावल्या होत्या, आणि गावातले झाडून सगळे पुरुष त्या आडोशाला नेऊन बांधण्यात गुंतले होते. कोणी जाड दोर ओढतंय, कोणी नांगर टाकतंय, कोणी नुसतंच ओरडतंय. एक रिक्षा भोंगा लावून फिरत होती, "समुद्रात जाऊ नये, सुरक्षित ठिकाणी राहावे." सुरक्षित ठिकाण कुठलं ते रिक्षा सांगत नव्हती.

किनाऱ्यालगतच्या खळ्यात, म्हणजे मासळी सुकवायच्या मोकळ्या जागेत, सगळ्या बायाच होत्या. बांबूचे उंच सांगाडे, त्यावर आडव्या दोऱ्या, आणि दोऱ्यांवर बोंबील. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून वर टाकलेले. हजारोंनी. वाळत घातलेल्या कपड्यांसारखे हलत होते. वर्षा तर बघतच राहिली.

तिथे आम्हाला रेजिना मावशी भेटली. साठीची, किडकिडीत, कमरेला लुगडं खोचलेलं. मी म्हटलं, मावशी, दोन किलो द्याल का? ती माझ्याकडे न बघता आभाळाकडे बघत होती.

"सुकले न्हाय अजून. उद्या दुपारपावत ऊन मिलालं त होतील." मग माझ्या पर्सकडे, चष्म्याकडे बघून म्हणाली, "तू शिकलेली दिसतंस. वादल येनार हाय का न्हाय, ता सांग."

मला हसू आलं. हवामान खातं काय मी? पण ती हसत नव्हती. तिची मुलगी ज्युली बाजूला उभी होती, तिने समजावून सांगितलं. बोंबील तीन दिवसांचे, अर्धे सुकलेले. पाऊस आला आणि दोरीवर असले तर नासले. पण पावसाच्या भीतीने काढून घरात रचले, तर आतल्या आत तापतात, घामेजतात, आणि सकाळपर्यंत तेही नासले. वरून प्लास्टिक टाकावं तर वाऱ्यात राहत नाही. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय!

"आन हे बोंबील म्हंजे हिचं लगीन," मावशी म्हणाली. "जानेवारीत."

ज्युली लाजली वगैरे नाही. ती म्हणाली, "आई, लग्नाचं सगळ्यांना कशाला सांगतेस?"

खळ्यात अर्ध्या बाया बोंबील काढत होत्या, अर्ध्या हातावर हात ठेवून बसल्या होत्या. कोपऱ्यात जाळं विणत बसलेले एक आजोबा सांगत होते, दर्याचा रंग बघा, काय येनार न्हाय. त्यांच्याच सुनेने स्वतःचे सगळे बोंबील काढून टोपलीत भरले होते. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. शेवटी मी माझा मोबाईल काढला आणि ह्यांना फोन लावला. ह्यांच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये टीव्ही आहे.

पहिला फोन. हे म्हणाले, "अगं, आहेस कुठे तू? संध्याकाळपर्यंत धडकणार म्हणतायत. ऑफिस लवकर सोडणार आहेत. परत ये."

मी मावशीला सांगितलं. येतंय म्हणतायत, टीव्हीवर. मावशीने एकदा छातीवर क्रूसाची खूण केली आणि म्हणाली, "चला, काडा मंग."

आता दोघी माय-लेकी तेवढे बोंबील काढणार कधी? मी आणि वर्षाने ओढण्या कमरेला बांधल्या. जबडे सोडवायची एक खुबी असते, दोन बोटांनी जरा दाबून फिरवायचं. मला ती शेवटपर्यंत जमली नाही, माझ्या हातात नुसती डोकी राहत होती. वर्षाचा मात्र हात बसला. कांदासुद्धा मोजून खाणाऱ्या घरची सून ती, कोपरापर्यंत बोंबलांत! म्हणाली, "वहिनी, सासूबाईंनी बघितलं तर देव पाण्यात ठेवतील." मावशीसुद्धा हसली. एक वाजेपर्यंत आम्ही सगळे सांगाडे मोकळे केले आणि पडवीत ढीग रचले. तेवढ्यात मावशीने आम्हाला जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी, ओल्या बोंबलांचं आंबट कालवण. उत्तनमध्ये हॉटेलं आहेत, पण असं कालवण हॉटेलात मिळत नाही. दोन भाकऱ्या खाल्ल्या मी.

हात धुवून बाहेर आलो तर कडक ऊन.

ढग नाही, वारा नाही, काही नाही. ज्यांनी बोंबील काढले नव्हते त्या बाया आमच्याकडे बघत होत्या. आजोबा जाळं विणत राहिले. मावशी पडवीत जाऊन ढिगात हात घालून आली. "तापाया लागले," म्हणाली.

मी परत फोन लावला. हे म्हणाले, "अगं, दिशा बदलली म्हणे. गुजरातकडे गेलं. ऑफिसवाल्यांनी पण आम्हाला परत बसवलंय."

"नक्की?"

"टीव्हीवर सांगतायत, म्हणजे नक्कीच असणार ना!"

मावशी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी सांगितलं, "गेलं म्हणतायत. गुजरातकडे." ती म्हणाली, "म्हंजे परत लावू?" ज्युली म्हणाली, आई, थांब जरा. मावशीने तिच्याकडे बघितलंही नाही, माझ्याकडेच बघत होती. आणि मी म्हटलं, "हो मावशी, लावा. एवढं ऊन आहे."

का म्हटलं मी असं? मला वादळातलं डोंबल कळत नाही. पण कोणीतरी हो-नाही म्हणायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्या बाईने विचारलेलं आवडलं होतं. सकाळी दुकानदारापासून कंडक्टरपर्यंत सगळ्यांना मी विचारत होते, आणि इथे एक बाई मला विचारत होती.

परत लावायला जास्त वेळ लागतो. पावणेचारला कोणीतरी ओरडत आलं की बस आलीय आणि हीच शेवटची. सगळे बोंबील लागलेले, हात चिकट, वर्षाच्या केसांत बोंबलांचे तुकडे. मावशीने घाईघाईने तिच्या जुन्या साठ्यातला किलोभर सुका बोंबील वर्षाला बांधून दिला, भाव बाजारापेक्षा कमीच लावला. मी तिचा मोबाईल नंबर घेतला. पुढच्या वेळी यायच्या आधी फोन करीन, म्हटलं. ती म्हणाली, "कर गो. आमचे हे बोंबील सुकल्यावर न्हे." आम्ही धावत बस पकडली.

तिसरा फोन डोंगरीच्या वळणावर आला. ह्यांचा. "अगं, परत सांगतायत. गेलं नाहीये, येतंय. वारा सुटलाय इकडे. तू निघालीस ना?"

मी म्हटलं, निघालो. फोन बंद केला आणि खिडकीबाहेर बघितलं. मिठागरांच्या मागे आभाळ काळं होत होतं, पण अजून पाऊस नव्हता. वर्षा झोपली होती. माझ्या फोनमध्ये मावशीचा नंबर होता. मी तो काढला. आणि नुसती बघत बसले.

काय सांगणार होते मी? सकाळी काढा म्हटलं. दुपारी लावा म्हटलं. आता परत काढा? तिसऱ्यांदा शब्द फिरवायची मला लाज वाटली. शिवाय मनात म्हटलं, टीव्हीवाल्यांचं काय, पाऊण तासात परत म्हणतील गेलं. आणि तिलाही आभाळ दिसतच असेल की. अशी स्वतःची समजूत घालत मी भाईंदरपर्यंत आले. पहिले टपोरे थेंब स्टेशनच्या पुलावर अंगावर पडले. मग वारा. वर्षाची ओढणी उडाली. रिक्षा मिळेना, एकाने तिप्पट भाडं मागितलं, ते दिलं.

रात्री आमच्या सोसायटीत एक पत्रा उडाला आणि दोन तास लाईट गेली. बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी सगळे म्हणत होते, उगाच घाबरवलं, काहीच झालं नाही. मेणबत्त्या उरल्या म्हणून काकांनी एकावर एक फुकट लावलं. वर्षा पुण्याला गेली, डबा सुखरूप पोहोचला.

मी काही दिवस थांबले आणि मग एका रविवारी एकटीच उत्तनला गेले. ऊन होतं, खळं बोंबलांनी भरलेलं होतं, शनिवार-रविवारची पिकनिकवाली मंडळी फोटो काढत होती. मावशीचे सांगाडे मात्र अर्धेच भरलेले होते. मला बघून ती पुढे आली, माझा हात धरला.

"त्या दिवशीचे?" मी विचारलं.

"खताला गेले."

पाऊस पंधरा-वीस मिनिटांचाच होता म्हणे, पण ओले व्हायला तेवढा पुरतो. ज्युलीचं लग्न आता ईस्टरनंतर. मुलाकडची माणसं समजूतदार आहेत, ती म्हणाली. ज्युली घरातून बाहेर आली नाही.

मी म्हटलं, "मावशी, मी सांगितलं म्हणून तुम्ही…"

"तुजा काय दोष? तू आयकलंस ता सांगितलंस." मग तिने विचारलं. रागाने नाही, सहज विचारलं, कदाचित बरेच दिवस मनात असेल. "मागसून काय कललं न्हवतं ना गो तुला? परत जाताना, बशीत?"

मी म्हटलं, "नाही मावशी."

"मी बोललेच ज्युलीला. कललं असतं त तिनं फोन केला असता."

आणि तिने मला पावशेर जवळा बांधून दिला. मी पैसे काढले तर हात मागे सारला. परतीच्या बसमध्ये मी ती पुडी मांडीवर घेऊन बसले होते. दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा पर्समध्ये ठेवला.

तर, जायचं असेल तर डिसेंबर-जानेवारी उत्तम. सकाळी लवकर निघा, टोपी आणि पाणी न्या, सुट्टे पैसे ठेवा. बोंबील रस्त्यावरच्या दुकानातून घेऊ नका, खळ्यात जा. रेजिना मावशीचं घर विचाराल तर कोणीही दाखवेल. मीरा रोडच्या चष्मेवाल्या बाईने पाठवलं म्हणून सांगा, भावात कमी करील. जेवायलासुद्धा घालील. ती माझ्याबद्दल तुम्हाला चांगलंच सांगेल.