हसणारं अक्षर

गोंदियाच्या छपाईच्या दुकानात मी डीटीपी करत होते, तेव्हा एका सीडीतून तो फॉन्ट आला. ब्रशनं झरझर लिहिल्यासारखा. अक्षरं जरा उडती, वेलांट्या मोकळ्या सोडलेल्या. चाट भांडार, साडी सेंटर, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकाचं पोस्टर, बारसं, सगळीकडे मी तोच लावायचे. गिऱ्हाईकंही मागायची, "दीदी, वो नाचनेवाला अक्षर डालो ना."

मला तो आवडायचा कारण तो बाबांच्या हातासारखा होता. बाबा अर्जुनी मोरगावचे पेंटर. दुकानांच्या पाट्या, बैलांच्या शंकरपटाचे फलक, ट्रॅक्टरमागची नावं, सगळं त्यांच्या ब्रशचं. फ्लेक्स आला आणि कामं आटली. मी बी.ए. झाले, आमच्या घरात पहिली, हे मी कोणाला सांगायला चुकत नसे. आणि पोट भरू लागले ते बाबांचंच काम मशीनवर करून. दोघांनाही कळत होतं. बोलत कोणी नव्हतं.

बाबांची शिडी धरणारे काका म्हणजे त्यांचे जन्माचे सोबती. काकांना वाचता येत नव्हतं, पण कोणती पाटी कोणत्या पेंटरच्या हातची, हे ते सायकलवरून न उतरता सांगायचे. त्यांची बायको, माझी काकू, गेली. पुण्यानुमोदनाच्या, तिच्या आठवणीच्या कार्यक्रमाची कार्डं मी करून देते म्हटलं. जीव लावून तिचं नाव मोठं घातलं, त्याच फॉन्टमध्ये, आणि छापील गठ्ठा घेऊन घरी आले.

बाबांनी कार्ड हातभर लांब धरलं.

"हे अक्षर हासून राहिलं ना वो."

"म्हणजे?"

"चाट भांडारावर शोभते हे. गेलेल्या माणसाचं नाव असं नाचवते का कोणी? कॉलेजात हे नाही शिकवत वाटते."

खरंच होतं ते. कार्यक्रम परवावर आलेला, पुन्हा छापायला वेळ नव्हता. काकांच्या मनाला लागेल, एवढंच डोक्यात फिरत होतं.

तेवढ्यात काकाच दारात. त्यांनी वरचं कार्ड उचललं, काकूच्या नावावरून अंगठा फिरवला. मी खाली बघत उभी.

"तुया हातचं होय का गा हे?" त्यांनी बाबांना विचारलं. "मी तं तुले म्हटलोही नव्हतो. तरी लिवला."

बाबा कम्प्युटरला डब्बा म्हणायचे. दुसऱ्याच्या पाटीला त्यांनी आपली म्हटल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"लिवलो गा. तिचं नाव दुसऱ्या कोणाले काऊन लिवू देऊ?"

काकांनी कार्ड शर्टाच्या खिशात घातलं, खिसा वरून दाबला आणि गठ्ठा घेऊन गेले.

मग बाबांनी पांढरं कापड अंथरलं. कार्यक्रमात काकूच्या फोटोमागे लावायचं कापड तेच लिहिणार होते, आणि काका दोन हातांमधला फरक लगेच ओळखणार. म्हणून त्यांनी हातात राहिलेलं ते कार्ड समोर ठेवलं आणि त्याच्या बरहुकूम लिहायला घेतलं.

"हासते ना पण," मी हळूच म्हटलं.

"हासते तं हासू दे आता. ह्या वेलांटीचा शेंडा कुठं सोडला वो तुनं?"

मी त्यांच्याजवळ बसले आणि कापडावर बोटानं दाखवलं. त्यांनी ब्रश निळ्या रंगात बुडवला, कापडावर टेकवायच्या आधी थांबले.

"पुन्हा दाखव," म्हणाले.