उशिराचा बहर

हनोईजवळ तु-लिएन गावात नदीकाठी आमचा आणि दोआनदादांचा मळा शेजारीशेजारी, मध्ये फक्त बांबूचं कुंपण. दोन्हीकडे कुमक्वाट: कमरेएवढी झाडं, बोराएवढी संत्री. तेतला, म्हणजे आमच्या नववर्षाला, हनोईत घरोघरी एक तरी कुंडी लागतेच.

सहाव्या महिन्यात झाड मुळासकट उपटायचं, चार दिवस सुकवायचं, मग पुन्हा लावायचं. जिवावर बेतलं की ते फुलतं आणि तेतपर्यंत फळ पिवळं होतं. दादा कुदळ चालवायचे, लुआवहिनी खोड धरायच्या. अडतीस वर्षं तिथंच त्यांचं भांडण चालायचं.

"हळू! मूळ तोडताय की माझं बोट?"

"तुझी बोटंच मुळांसारखी झालीत, मी काय करू?"

गेल्या वर्षी उपटणीच्या आदल्या दिवशी वहिनी सुतळी गुंडाळता गुंडाळता कलंडल्या. दवाखान्यापर्यंतही पोचल्या नाहीत.

दादांनी मळ्यात पाऊल टाकलं नाही. माझा नवरा म्हणाला, "आम्ही दोघं येतो, आठवड्यात उरकू."

"तिचा हात नाही, तर नको," दादा म्हणाले.

वहिनींच्या शंभराव्या दिवसाचं जेवण झालं आणि दुसऱ्या सकाळी कुदळीचा आवाज आला. मी कुंपणापाशी धावले. एका हाताने खोड सावरत दादा एकटेच खणत होते.

"दादा, दहावा महिना लागतोय. आता फळ कधी धरणार?"

"कळतंय गं मला. पण घरात बसून काय करू? चहा अजून दोन पेल्यांत ओततो मी."

मी आत शिरले आणि खोड धरलं. ते नको म्हणाले नाहीत.

तेतच्या तोंडावर आमची झाडं पिवळीधमक झाली. त्यांचा मळा मात्र पांढराशुभ्र. वास असा की बांधावरून जाणारे स्कूटर थांबवायचे. व्यापारी आला आणि हसला, "काका, लोकांनी फुलं चाटायची का? तेतला सोन्यासारखी फळं लागतात. हे पांढरं सुतक कोण घरात नेणार?"

"ज्याच्या घरात आहे, तो," दादा म्हणाले आणि पाठ फिरवून पाणी घालत राहिले.

दुसऱ्या दिवशी एक झाड स्कूटरला बांधून ते वहिनींच्या थडग्याकडे गेले. मी बरोबर होते. कुंडी नीट टेकवून ते खाली बसले. "उशीर झाला गं," एवढंच म्हणाले, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा हमसून हमसून रडले.

तेतनंतर मळा आमच्या हवाली करून ते मुलीकडे हायफाँगला गेले. थंडीत हललेली मुळं काही धरली नाहीत. झाडं एकेक करून वाळली. तिथे आम्ही आता पेरू लावलेत.

दादांना अजून सांगितलेलं नाही.